पहाटे आपोआप उघडणारे हेडलाइट: जुन्या कॉर्वेटमधली व्हॅक्यूमची गळती कशी शोधायची

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. माझ्या समजण्यात चूक असेल तर लगेच सांगा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

गाडी १९७२ची शेव्रोले कॉर्वेट स्टिंगरे, ३५० घन इंचांचं इंजिन, ऑटोमॅटिक. तिचे हेडलाइट एरवी मिटून लपलेले असतात आणि इंजिनच्या व्हॅक्यूमच्या जोरावर वर येतात. मार्चमध्ये तुम्ही ती ह्यूस्टनहून डेन्व्हरला आणली. ह्यूस्टनला हेडलाइट वर येताना तुम्ही स्वतः पाहिले होते आणि तेव्हा सगळं व्यवस्थित होतं. डेन्व्हरला आल्यापासून चार तक्रारी आहेत. डावा हेडलाइट उजव्यापेक्षा आठ-दहा सेकंद उशिरा येतो, कधी अर्ध्यातच थांबतो. रात्री बंद करून ठेवलेली गाडी सकाळी पाहावी तर दोन्ही हेडलाइट अर्धवट उघडलेले. वायपर चालू केला की त्याच्यावरचं झाकण दोन-तीन इंच उठून अडकतं आणि वायपर हलत नाहीत, पण झाकण हाताने पूर्ण उचललं की लगेच चालू लागतात. आणि हेडलाइट वर असताना इंजिनचं आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतलं मंद चालणं, डळमळतं, खाली गेले की पुन्हा बरं होतं. तिथल्या गॅरेजने दोन पर्याय दिलेत: सगळ्या नळ्या, ॲक्च्युएटर (हेडलाइट हलवणारे डबे) आणि रिले (त्या डब्यांना व्हॅक्यूम वाटणाऱ्या झडपा) एकदम बदला, नाहीतर व्हॅक्यूम काढून टाकून विजेच्या मोटरी बसवा. यातलं काय करू, असं तुम्ही विचारलंय.

अजून काहीच बदलू नका. तुमच्या चार तक्रारींतच निम्मं निदान आहे, आणि तुम्ही इतकं बारकाईने पाहिलंत म्हणून मला ते इथे बसून सांगता येतंय. मी मिशिगनमध्ये गेली २४ वर्षं जुन्या गाड्या दुरुस्त करतो. त्यांतल्या निम्म्याहून जास्त १९६८ ते १९८२ या काळातल्या कॉर्वेट. ‘सगळं बदललं तरी हेडलाइट वर येत नाहीत’ म्हणून माझ्याकडे आलेल्या गाड्यांची गिनती मी केव्हाच सोडून दिली. या यंत्रणेत नवीन भाग घालून दोष जात नाही. दोष कुठे आहे ते आधी ठरवायचं, मग हात घालायचा.

सुरुवात डेन्व्हरपासून करतो, कारण गॅरेजवाल्याने त्याचा विचार केलेला दिसत नाही. व्हॅक्यूम ही स्वतः ओढणारी शक्ती नसते. बाहेरची हवा ढकलते, आतली हवा कमी असते, आणि त्या फरकावर सगळं चालतं. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब पाऱ्याचे जवळपास ३० इंच असतो. दर हजार फूट चढलं की तो साधारण एक इंचाने उतरतो. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे तिथे तो पंचवीसच्याही थोडा खालीच. इंजिनला आयडलिंगसाठी मॅनिफोल्डमध्ये (इंजिनला हवा पोचवणाऱ्या नळ्यांत) जितकी हवा लागते तितकी ते दोन्हीकडे घेणारच. त्यामुळे जे इंजिन ह्यूस्टनला २० इंच व्हॅक्यूम दाखवत होतं, तेच तसंच निरोगी असूनही डेन्व्हरला १५च्या आसपास दाखवेल.

याचा ताकदीवर काय परिणाम होतो पाहा. समजा ४ इंच व्यासाचा डायफ्रॅम (दाबाने हलणारा रबरी पडदा) आहे, म्हणजे साडेबारा चौरस इंच क्षेत्रफळ. २० इंच पाऱ्याला त्यावर सुमारे ५६ किलोचा जोर येतो. १५ इंचांना सुमारे ४२ किलो. चौथा हिस्सा ताकद नुसत्या पत्ता बदलल्याने गेली. कोरडे पडलेले पिव्हट, थोडी झिरपणारी सील, ५० वर्षांच्या कडक नळ्या हे सगळं ह्यूस्टनलाही होतंच. तिथे ताकदीची शिल्लक होती म्हणून दिसलं नाही. तेव्हा विकणाऱ्याने फसवलं असं मनात असेल तर ते काढून टाका, आणि गेजवर २० इंच आणण्याच्या मागेही लागू नका. तुमच्या गावात ते येणार नाहीत.

आता यंत्रणा. ती डोक्यात नीट बसली की पुढच्या चाचण्या पाठ कराव्या लागत नाहीत. आपल्याकडे गच्चीवर पाण्याची टाकी असते: पालिकेचं पाणी आलं की ती भरते, आणि ते गेलं की पाणी उलटं जाऊ नये म्हणून मध्ये एक झडप असते. इथेही तसंच आहे, फक्त टाकीत पाण्याऐवजी ‘हवेचा अभाव’ साठवलेला. इंजिनच्या मॅनिफोल्डमधून एक नळी निघते, तिच्यावर एकाच दिशेने चालणारा चेक व्हॉल्व्ह, आणि पुढे साठवणीची टाकी. टाकीतून जाड नळ्या दोन्ही हेडलाइटांच्या रिलेंकडे आणि वायपरच्या झाकणाकडे जातात. प्रत्येक हेडलाइटला स्वतंत्र रिले आणि स्वतंत्र ॲक्च्युएटर. ॲक्च्युएटर म्हणजे पत्र्याचा चपटा डबा, मध्ये रबरी डायफ्रॅम, त्याला जोडलेला रॉड, आणि दोन्ही बाजूंना एकेक तोंड. रिले एका बाजूला व्हॅक्यूम देतो तेव्हा दुसरी बाजू बाहेरच्या हवेला उघडी करतो. बाजू बदलली की रॉड उलट्या दिशेने जातो.

आणि रिलेला ‘आता बाजू बदल’ असं सांगते एक बारीक संकेताची नळी. ती डॅशबोर्डवरच्या हेडलाइटच्या स्विचमधून येते. या स्विचच्या पाठीवर विजेच्या जोडणीबरोबर व्हॅक्यूमचा एक छोटा व्हॉल्व्हही बसवलेला आहे. डॅशबोर्डखाली, स्टिअरिंगजवळ, दिवे न लावता हेडलाइट वर करायची वेगळी कळ आहे, तीही याच संकेताच्या वाटेवर. मघाच्या जाड नळ्या काम करतात, या बारीक नळ्या फक्त निरोप पोचवतात.

तुमच्या सकाळच्या तक्रारीचं उत्तर या निरोपात आहे. संकेताच्या नळीत व्हॅक्यूम असतो तेव्हा हेडलाइट खाली राहतात. स्विच ओढला की त्या नळीत हवा शिरते, व्हॅक्यूम जातो, आणि रिलेच्या आतली स्प्रिंग बाजू बदलून हेडलाइट वर आणते. म्हणजे निरोप तुटला की हेडलाइट वर. रचनाकारांनी हे जाणूनबुजून केलं. रात्री रस्त्यात एखादी बारीक नळी निसटली तर दिवे मिटण्याऐवजी उघडावेत. मला या गाडीतली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली गोष्ट वाटते.

मग सकाळी हेडलाइट उघडे का? इंजिन बंद झाल्यावर संकेताच्या वाटेतून व्हॅक्यूम गळून गेला, पण मुख्य वाटेत अजून थोडा शिल्लक होता. रिलेने निरोप तुटला असं समजून बाजू बदलली, आणि उरलेल्या व्हॅक्यूमने हेडलाइट अर्ध्यापर्यंत ढकलले. टाकी आणि मुख्य नळ्या पूर्ण गळक्या असत्या तर वर आणायला ताकदच उरली नसती आणि हेडलाइट जागच्या जागी मिटलेले राहिले असते. तेव्हा अर्धे उघडलेले हेडलाइट पाहून घाबरू नका. ते दोन गोष्टी सांगतात: तुमची साठवण बऱ्यापैकी टिकते, आणि गळती संकेताच्या बाजूला आहे. तिथे पाहायच्या जागाही मोजक्या: हेडलाइटचा स्विच, स्टिअरिंगजवळची कळ, दोन रिलेंचे संकेताकडचे डायफ्रॅम आणि यांना जोडणाऱ्या बारीक नळ्या. गॅरेजच्या यादीतले महागडे ॲक्च्युएटर यात कुठेच नाहीत.

आता चौथी तक्रार, डळमळणाऱ्या आयडलिंगची. ती पहिलीशी जोडून पाहा. हेडलाइट वर असतानाच इंजिन डळमळतं, याचा अर्थ एक गळती फक्त ‘वर’ या स्थितीत मुख्य वाटेला जोडली जाते. ॲक्च्युएटरचा मधला डायफ्रॅम फाटला असता तर दोन्ही स्थितींत इंजिन डळमळलं असतं, कारण एक बाजू नेहमी हवेला उघडी असते आणि फाटक्या रबरातून ती हवा व्हॅक्यूमच्या बाजूला शिरतच राहते. पण रॉड जिथून डब्याबाहेर येतो तिथली सील झिजली असेल तर गळती फक्त रॉडच्या बाजूच्या कप्प्यात व्हॅक्यूम असताना होते, आणि व्हॅक्यूम तिथे असतो तेव्हा रॉड बाहेर ढकललेला असतो. बॉनेट उघडून डाव्या बाजूला पाहा. हेडलाइट वर असताना रॉड बाहेर आलेला असेल तर सीलवर संशय घट्ट करा. तो आत गेलेला असेल तर सील निर्दोष, आणि दोष त्या स्थितीत व्हॅक्यूम नेणाऱ्या नळीत किंवा रिलेत. माझ्या अनुभवात या डब्यांची सील डायफ्रॅमपेक्षा आधी जाते, कारण रॉडवर धूळ बसते, हेडलाइट हलला की ती धूळ सीलमधून आतबाहेर घासते.

हा झाला तर्क. आता मोजमाप, त्याशिवाय एकही पैसा खर्च करायचा नाही. साहित्य फार लागत नाही: पाऱ्याच्या इंचात दाखवणारं व्हॅक्यूम गेज, हाताने चालणारा व्हॅक्यूम पंप, नळी जोडायला काही प्लास्टिकचे टी-जोड, आणि गोल्फ खेळताना चेंडूखाली खोचतात त्या लाकडी टी मूठभर. नळीच्या तोंडात बूच म्हणून त्या इतक्या छान बसतात की माझ्या खिशात कायम असतात. जुन्या नळ्या पक्कडीत दाबून बंद करू नका. वरून धड दिसणारी नळी दाबली की आतून चिरते आणि तुम्हाला एक नवी गळती मिळते. काहीही काढण्याआधी प्रत्येक नळीवर कागदी चिकटपट्टी लावून क्रमांक लिहा आणि फोटो काढा. नळ्यांवर रंगीत रेघा असतात, ॲक्च्युएटरवर लाल आणि हिरवी. पण ५० वर्षांत कोणी ना कोणी नळ्या बदललेल्या असतात, त्यामुळे रंगावर डोळे मिटून विसंबू नका.

आधी इंजिन गरम करा, पार्कमध्ये ठेवा, आणि मॅनिफोल्डच्या थेट तोंडावर गेज लावा. हेडलाइटची नळी, ब्रेक बूस्टरची नळी, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या मॉड्युलेटरची (व्हॅक्यूमवरून इंजिनवरचा भार ओळखणाऱ्या डबीची) नळी अशी एकेक काढून त्या त्या तोंडाला बूच लावा आणि प्रत्येक वेळी काटा पाहा. एसीच्या झडपांकडे जाणारी व्हॅक्यूमची नळी असेल तर तीही. एखादी बंद केल्यावर काटा ठळक चढला तर गळती त्या फांदीवर. मॉड्युलेटरची नळी आतून ओली, तेलकट असेल तर ते वेगळं आणि लवकर करण्याजोगं काम आहे, कारण त्याचा डायफ्रॅम फाटला की इंजिन गिअरबॉक्सचं तेल पिऊ लागतं. सगळं बंद करूनही काटा तेराच्या खाली राहिला तर हेडलाइटांचं काम तिथेच थांबवा आणि इंजिनकडे वळा. ह्यूस्टनच्या हवेला लावलेला क्वाड्राजेट कार्ब्युरेटर डेन्व्हरच्या विरळ हवेत पेट्रोल जास्त देतो, आणि इग्निशन टायमिंग मागे, म्हणजे ठिणगी उशिरा, असेल तर व्हॅक्यूम आणखी उतरतो. ही दोन नीट लावली की एक-दोन इंच परत मिळतात, आणि तुमच्या उंचीवर एकेक इंच मोलाचा आहे.

मग गेज चेक व्हॉल्व्हच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला टी-जोडाने बसवा. हेडलाइट खाली, इंजिन चालू, काटा स्थिर झाला की इंजिन बंद करा आणि घड्याळ लावा. दहा मिनिटांत काटा दोन इंचांपेक्षा जास्त उतरू नये, हा माझा मापदंड. झपाट्याने उतरला तर टाकीकडची नळी चेक व्हॉल्व्हवरून काढा, त्या नळीवर हातपंप लावून तेवढाच व्हॅक्यूम ओढा आणि पुन्हा घड्याळ लावा. सुधारलं तर टाकी आणि पुढचं सगळं ठीक, व्हॉल्व्ह उलटी हवा सोडतोय. तो मिळतो स्वस्तात, दहा मिनिटांत बदलतो, आणि बसवताना उलटा बसवला जाण्याची शक्यता मोठी. फुंकून खात्री करा. टाकीकडून इंजिनकडे हवा गेली पाहिजे, उलट नाही.

संकेताची वाट तपासायला रिलेवरची बारीक नळी काढून त्या तोंडावर हातपंप लावा आणि १५ इंचांपर्यंत ओढा. पंपाने २५ इंच येत नाहीत म्हणून पंपाला दोष देऊ नका, तुमच्याकडे बाहेर तेवढी हवाच नाही. रिलेने मिनिटभर काटा जागेवर धरला पाहिजे. दोन्ही रिले पास झाले तर डॅशबोर्डखाली डोकं घाला. इंजिन चालू ठेवून, रेडिओ आणि पंखा बंद करून कान लावा. स्विचचा व्हॉल्व्ह झिजला असेल तर बारीक सुस्कारा ऐकू येतो. ऐकू आला किंवा नाही आला, तरी खात्रीची चाचणी अशी: स्विचवरच्या येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन नळ्या काढून त्यांना नळीच्या तुकड्याने थेट जोडा. स्विच वगळला गेला. गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी हेडलाइट मिटलेले असतील तर चोर सापडला. नसतील तर हाच प्रयोग स्टिअरिंगजवळच्या कळीवर करा. मात्र नळ्या अशा जोडलेल्या असताना स्विच ओढल्यावर दिवे पेटतील पण वर येणार नाहीत, तेव्हा त्या अवस्थेत गाडी संध्याकाळी बाहेर काढू नका.

डाव्या हेडलाइटसाठी सर्वांत प्रामाणिक चाचणी अदलाबदलीची. नवीन नळीचे चार लांब तुकडे घ्या आणि डाव्या रिलेचं काम उजव्या ॲक्च्युएटरला, उजव्याचं डाव्याला द्या. उशीर उजवीकडे सरकला तर दोष रिलेत किंवा त्याच्या मागे. उशीर डावीकडेच राहिला तर दोष ॲक्च्युएटरमध्ये किंवा सांध्यांत. मग डाव्या ॲक्च्युएटरच्या दोन्ही नळ्या काढा आणि हेडलाइट हाताने वर-खाली करा. दोन्ही तोंडं उघडी असताना तो विनासायास हलला पाहिजे. कुठे अडखळला तर तिथे व्हॅक्यूमचा काय संबंध? बुश सुकलेत, पिव्हट गंजलाय, किंवा कोणीतरी धडकेनंतर कंस वाकडा बसवलाय. मी पाहिलेल्या ‘कमजोर’ हेडलाइटांपैकी बरेच नुसते कोरडे होते. जुनं चिकट ग्रीस पुसा, पांढरं लिथियम ग्रीस लावा, पाच-पन्नास वेळा हलवा. हाताला मोकळं वाटलं की मगच हातपंपाने ॲक्च्युएटरच्या एकेका तोंडावर १५ इंच ओढा. जे तोंड धरत नाही त्यावरून सील की डायफ्रॅम ते कळेल. दोन्ही तोंडं सोडत असतील तर डायफ्रॅम, फक्त रॉडकडचं सोडत असेल तर सील. सील गेलेला डबा बदलणं किंवा दुरुस्त करून घेणं, दोन्ही चालतं. मूळ डबा शाबूत असेल तर मी दुरुस्तीच्या बाजूने कौल देतो, कारण नव्या मिळणाऱ्या डब्यांचे रॉड कधीकधी लांबीला नेमके जुळत नाहीत आणि मग दोन्ही हेडलाइट एका पातळीत बसवण्यात आठवडा जातो.

हे सगळं करताना बोटं जपा. इंजिन चालू असताना, किंवा बंद करूनही टाकीत व्हॅक्यूम असताना, हेडलाइटच्या सांध्यात हात घालू नका. मघाचे ४२ किलो पुन्हा आठवा. आत काम करायचं असेल तर आधी टाकीची नळी काढून तिच्यात हवा सोडा.

वायपरचं झाकण. ही गोष्ट फक्त १९६८ ते १९७२ च्या गाड्यांना आहे. तुमची त्यातली शेवटच्या वर्षाची. इथे एक गैरसमज आधी दूर करतो: तुमचे वायपर विजेवर चालतात, फक्त त्यांच्यावरचं झाकण व्हॅक्यूमवर. वायपर चालू केला की एक सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) झाकणाला उघडण्याचा निरोप देतो. झाकण पूर्ण उघडलं की एक छोटा स्विच दाबला जातो, आणि तेव्हाच वायपरच्या मोटरला वीज मिळते. अर्धवट उघड्या झाकणावर वायपर आपटू नयेत म्हणून हा पहारा. तुम्ही झाकण हाताने उचललंत आणि वायपर चालले, म्हणजे मोटर, फ्यूज, वायर आणि तो पहारेकरी स्विच असं सगळं एका क्षणात निर्दोष ठरलं. राहिला झाकण उचलणारा जोर आणि झाकणाचा अडथळा. झाकण दोन-तीन इंच उठतं, म्हणजे निरोपही पोचतोय.

तेव्हा आधी अडथळा. झाकणाच्या ॲक्च्युएटरच्या नळ्या काढून ते हाताने उघडझाप करा. बिजागऱ्यांत पानं, माती, जुन्या ग्रीसचे थर असतात. कडेचं रबर फुगून घासत असतं. अनेकदा बॉनेट नीट न जुळवल्याने झाकणाची कड त्याच्यावर टेकते. हे साफ आणि मोकळं केल्यावर हातपंप लावा. १५ इंचांवर झाकण पूर्ण उघडलं तर ॲक्च्युएटर ठीक, नळ्या आणि रिले तपासा. नाही उघडलं तर तोच गेला. बंद होणाऱ्या झाकणाखाली कधीही बोटं ठेवू नका, आणि रंगाची काळजी असेल तर बॉनेटच्या कडेवर जाड फडकं अंथरा.

याच्याशी निगडित एक गोष्ट, जी तुमच्या भागात जास्त महत्त्वाची. लहानपणी सावंतवाडीला मामांकडे जुनी जीप होती, तिचा वायपर थेट इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालायचा. आंबोलीचा घाट चढताना धो धो पाऊस, मामा ॲक्सिलरेटर दाबायचे आणि वायपर काचेच्या मध्यावर थांबायचा. मग ते क्षणभर पाय उचलायचे, वायपर दोन फेऱ्या मारायचा, पुन्हा चढ. थ्रॉटल पूर्ण उघडला की मॅनिफोल्डमधला व्हॅक्यूम जवळजवळ नाहीसा होतो, हे मी तिथे शिकलो. कशामुळे, ते पुढे कळलं. त्या काळात अमेरिकेतही पुष्कळ गाड्यांचे वायपर असेच होते. तुमच्या गाडीत टाकी आणि चेक व्हॉल्व्ह आहेत ते नेमके यासाठी. तुम्ही आय-७० महामार्गावरून डोंगरातल्या आयझेनहॉवर बोगद्याकडे चढाल तेव्हा उंची ११,००० फुटांवर जाईल, आयडलिंगचा व्हॅक्यूमसुद्धा दहाच्या आसपास येईल, आणि चढावर तो शून्याकडे जाईल. तेव्हा पावसात झाकण उघडायचं आणि बोगद्यात हेडलाइट वर करायचे ते टाकीतल्या शिदोरीवरच. म्हणून दहा मिनिटांची ती साठवणीची चाचणी तुमच्यासाठी मी सगळ्यात वर ठेवतो. आणि डोंगरात निघताना पायथ्यालाच स्टिअरिंगजवळच्या कळीने हेडलाइट वर करून ठेवा.

नळ्यांबद्दल. मोजमाप झाल्यावर नळ्या टप्प्याटप्प्याने बदला, एका वेळी एक, जुनी काढली की लगेच नवी. एकाच दिवशी सगळ्या उपसल्या की चुकीच्या जोडण्या होतात. एका ग्राहकाने आणलेल्या गाडीत डाव्या हेडलाइटच्या दोन नळ्या उलट्या बसवल्या होत्या. उजवा वर जाई तेव्हा डावा खाली येई. जाड भिंतीची, व्हॅक्यूमसाठीच बनवलेली रबरी नळी घ्या. मऊ पातळ सिलिकॉनची नळी दिसायला छान असते, पण वळणावर आतून चपटी होते. तुमच्याकडे गाडी हिवाळाभर गॅरेजमध्ये उभी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही शोधा, विशेषतः पुढच्या बाजूला, जिथे डोळा पोचत नाही. गळती शोधताना कार्ब्युरेटर क्लीनर फवारू नका. गरम इंजिनवर आग लागू शकते आणि रबरही खराब होतं. ओळखीच्या गॅरेजमध्ये धुराचं यंत्र असेल तर ते उत्तम, पण धूर अगदी कमी दाबाने सोडायला सांगा. कॉम्प्रेसरची हवा या नळ्यांत सोडली तर जे डायफ्रॅम धड आहेत तेही फाटतील.

विजेच्या मोटरींचा पर्याय वाईट आहे असं मी म्हणणार नाही. ज्या इंजिनचा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) शर्यतीच्या धाटणीचा आहे आणि मुळात व्हॅक्यूम कमी आहे, अशा गाडीत मी स्वतः तो सुचवतो, किंवा निदान छोटा विजेचा व्हॅक्यूम पंप जोडायला सांगतो. तुमचं साधं ३५० आहे. त्याला तशी गरज नाही. डेन्व्हरच्या उंचीवरही नीट टायमिंग, घट्ट नळ्या आणि मोकळे सांधे असतील तर १४-१५ इंच व्हॅक्यूमवर ही यंत्रणा रोज काम करते. शिवाय १९७२ हे झाकणवाल्या कॉर्वेटचं शेवटचं वर्ष. पुढे ही गाडी कोणा जाणकाराला दाखवायची किंवा विकायची झाली तर मूळ डबे आणि रिले जागेवर असणं मोलाचं ठरेल. बदललंच काही, तर जुना भाग चिठ्ठी लावून डब्यात ठेवा.

या शनिवारी एवढंच करा: मॅनिफोल्डवरचं आयडलिंगचं माप, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी टाकीकडचं माप, आणि हेडलाइट वर असताना डाव्या ॲक्च्युएटरचा रॉड आत आहे की बाहेर. रात्री स्विच वगळून गाडी उभी करा आणि रविवारी सकाळी हेडलाइट पाहा. ही चार उत्तरं मला लिहून पाठवा. कोणता भाग मागवायचा ते त्यावरून सांगतो. तोवर गॅरेजवाल्याला काहीही मागवू देऊ नका.